मेंढ्यावाले थेट प्रांतिक कौन्सिलात कसे?

राजापूरकर: दिवाळीनंतर घाटावरचे धनगर इथे कोकणात उतरून भातखाचरांत मेंढरं बसवतात, पण गावकारभारात त्यांना कोण विचारतो? न्यूझीलंडचे जॉन हॉल मेंढ्या पाळता पाळता कँटरबरी प्रांताच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताचे कायदे करणाऱ्या सभेत, कसे गेले?

सडाकिनारा: जमिनीमुळे, दादा. १८५२ च्या कायद्याने मत मालमत्तेवर होतं: ५० पौंडांची जमीन किंवा वर्षाला १० पौंड भाड्याचा पट्टा. कुरणाचे पट्टेवाले त्यात सहज बसले. धनगराच्या नावावर काय, तर चालती मेंढरं!

खाडीपट्टा: शिवाय खरजेचा प्रश्न. एकाचा कळप खरजला की शेजाऱ्याचाही जायचा, म्हणून प्रांतांच्या कौन्सिलांनी खरजेचे कायदे केले. उपाय चुना-गंधकाच्या कोमट पाण्यात बुचकळण्याचा. खरजेच्या बारीक किड्यांची अंडी त्यात मरत नाहीत, म्हणून १०-१४ दिवसांनी पुन्हा बुडवावं लागतं. दुसरी बुडी चुकवली की सगळं मुसळ केरात. लोकर ओली असताना औषध पातळ होतं, तेव्हा आपल्या पावसाळ्यात हे करूच नये.

सडाकिनारा: हॉल पुढे १८७९ ते १८८२ पंतप्रधान होते. १८९३ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज त्यांनीच सभागृहात उलगडला: कागद चिकटवून केलेली सुमारे २७० मीटरची गुंडाळी! त्याच सप्टेंबरात कायदा झाला.