मदत हवी आहे: रिझर्व्हवर चालवून चालवून फ्युएल पंप गेला का?

खापरीकर:
मंडळी, सल्ला पाहिजे. गाडी 2014ची पेट्रोल हॅचबॅक, 96 हजार किलोमीटर झालेत. रोज मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी. मला एक वाईट खोड आहे, टाकी कधी भरतच नाही. पिवळा दिवा लागला की पाचशेचं टाकायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. बायको म्हणते, ही गाडी हातावर पोट असलेली आहे.

दोनेक महिन्यांपासून मागच्या सीटखालून आवाज येऊन राहिला होता, कानाशी डास गुणगुणतो तसा बारीक. पेट्रोल टाकलं की कमी, दिवा लागला की जास्त. मी रेडिओ मोठा केला. परवा दुपारी तीनला, भर 45 डिग्रीत, वर्धा रोडवर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. दोन लिटर आणून ओतलं तरी स्टार्टर नुसताच फिरत होता. तासाभराने काही झालंच नाही अशी सुरू झाली!

एक मिस्त्री म्हणतो, पंपाची पूर्ण असेंब्ली (मोटर, डबा, सगळा संच) बदला, आठ हजार. दुसरा म्हणतो, नुसती मोटर टाकू, अडीच हजारात होईल. कोणाचं ऐकू? आणि हे खरंच माझ्या सवयीमुळे झालं, की तळाचा गाळ ओढला गेला?

इतवारीवाला:
भाऊ, पेट्रोल भरत नाही, रेडिओ वाढवून राहिले, अन् दोष गाळाचा? आमची चेतक बरी होती बाप्पा. आडवी केली की घरापर्यंत यायची.

जुना पाना:
गाळाचं म्हणाल तर पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो, त्यामुळे दिवा लागल्यावरच गाळ येतो असं काही नाही. खरी भानगड उष्णतेची. इंजेक्शनच्या गाडीत (इंजिनात पेट्रोल दाबाने फवारतात ती) पंप टाकीच्या आत असतो आणि त्याची मोटर पेट्रोलनेच थंड राहते, वंगणही त्याचंच. बहुतेक गाड्यांत पंप पूर्ण वेगानेच फिरतो, तुम्ही सिग्नलवर उभे असलात तरी. टाकीत थोडंच पेट्रोल असलं की ते लवकर तापतं. वरून आपला उन्हाळा आणि तापलेलं डांबर. गरम पेट्रोलाची वाफ होते, वळणावर हवा ओढली जाते, मोटर कोरडी फिरते आणि झिजते. तापली की बंद, निवली की सुरू, ही दमलेल्या पंपाची नेहमीची खूण.

मात्र पंप एका डब्यात बसवलेला असतो, तो शेवटपर्यंत थोडं पेट्रोल धरून ठेवतो. म्हणून चार वेळा दिवा लागल्याने काही मरत नाही. वर्षानुवर्षं तिथेच चालवलं की मरतो.

पैसे देण्याआधी गेज (दाब मोजायचं मीटर) लावून पेट्रोलचं प्रेशर बघायला सांगा. या जातीच्या गाड्यांत साधारण 3 ते 4 बार असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेजही मोजायला लावा. पुष्कळदा पंप ठीक असतो, पिन जळलेली असते. डबा आणि फ्लोट (काट्याला पातळी सांगणारा तरंगता भाग) शाबूत असतील तर नुसती चांगली मोटर पुरते, पण पंपाखालची गाळणीची जाळी नवीच टाका. आणि हे घरी करू नका. वाफ भडकते. बॅटरी काढून, मोकळ्या जागेत, सराईत माणसाकडूनच.

खापरीकर:
दादा, काल तुमच्या सांगण्याप्रमाणे करून घेतलं. प्रेशर दीडच्या वर जाईना. कनेक्टरची एक पिन चहासारखी तपकिरी झालेली, जाळी काळी. मोटर, जाळी, कनेक्टर मिळून साडेतीन हजार लागले. आता चावी फिरवली की दोन सेकंद घुंऽऽ होतं आणि गप्प. हे बरोबर ना? आणि टाकी धुवून घेऊ का?

जुना पाना:
बरोबर, तेवढ्यात पंप प्रेशर बांधतो. तळाशी पाणी किंवा गंज दिसला असेल तरच टाकी धुवा, नाहीतर नको. आणि मे महिन्यात काटा पावच्या खाली येऊ देऊ नका.

खापरीकर:
पाणी नव्हतं. टाकी पूर्ण भरली आहे, बिलाचा फोटो बायकोला पाठवला.