मदत हवी आहे : डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवण्याबाबत

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरच्या डेस्कटॉपमध्ये 4 टीबीची, 3.5 इंची साटा (डिस्क जोडण्याची हल्लीची प्रचलित पद्धत) हार्ड डिस्क दुसरी डिस्क म्हणून बसवायची आहे. पहिल्या डिस्कवर आमच्या तालमीच्या गणेशोत्सवाची आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेची अनेक वर्षांची छायाचित्रे आहेत व त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही, त्यामुळे हे काम घाई न करता नीट करायचे आहे.

मदरबोर्डवर डेटा केबलसाठी जागा मोकळी आहे. खरी अडचण विजेच्या जोडणीची आहे. पॉवर सप्लायचे साटा कनेक्टर संपले असून 4 पिनांचा जुना मोलेक्स तेवढा उरला आहे. मोलेक्सवरून साटा करणाऱ्या ज्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तारा प्लास्टिक ओतून बंद केलेल्या असतात, ते आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते मला नकोच आहेत. तारा दाबून बसवलेला, मागचे झाकण निघणारा प्रकार शहरात कोणत्या भागात मिळेल, की सरळ पॉवर सप्लायच बदलावा?

डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण 2 टीबीपुढची जागा वापरता येत नाही, त्यामुळे नवी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करणार आहे. जुन्या एमबीआर डिस्कवरून विंडोज सुरू होत असताना याने काही अडेल का? प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच आत हात घालणार आहे. त्याखेरीज आणखी काही खबरदारी आवश्यक असल्यास जाणकारांनी कृपया सांगावी.