मदत हवी आहे: टेक्सासची गाडी मेक्सिकोत न्यायची आहे, गाडीचा आयात परवाना कोणाच्या नावावर काढावा?

गोकर्णफूल

नमस्कार मंडळी. आमचं त्रांगडं दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून लांबण लावतेय.

आम्ही ऑस्टिनला राहतो. मी एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, नवऱ्याकडे लग्नाच्या आधीपासून ग्रीन कार्ड. कंपनी मला दीड वर्षासाठी मेक्सिकोत केरेतारोच्या प्लांटवर पाठवते आहे. माझं मेक्सिकोचं काम झालंय. वकिलातीत मुलाखत होऊन पासपोर्टवर 'रेसिदेन्ते तेम्पोराल'चा (तात्पुरत्या रहिवाशाचा) व्हिसा चिकटला. नवऱ्याचं रहिवासाचं प्रकरण, कुटुंबीय म्हणून, माझं रहिवासी कार्ड हातात आल्यावर सुरू करायचं, असं कंपनीतली बाई म्हणते. तोवर तो पर्यटक म्हणून येणार.

घरात दोन गाड्या. एक माझ्या नावावर, तीन वर्षांची, हप्ते चालू. दुसरी नवऱ्याची २००९ची कॅमरी. कर्ज फिटलेलं, १ लाख ६० हजार मैल झालेत, डाव्या दाराला खोक पडलीय, पण एसी असा की मे महिन्यात शाल मागावी. मला अर्थातच माझी न्यायची आहे.

पण कोणाच्या नावावर? माझा व्हिसा लांबचा, म्हणून माझ्याच नावावर परवाना काढावा असं वाटतंय. पर्यटकाला १८० दिवसच मिळतात म्हणे. गुगलून झालंय, पण दर पानावर वेगळं लिहिलंय आणि निम्मं दहा वर्षांपूर्वीचं आहे. माझा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का गेल्या वर्षी संपला (एच-१बी मंजुरीचा कागद, आय-७९७, चालू आहे). त्याचा गाडीशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते.

बाकरवडी

उगाच टेन्शन घेताय. आम्ही सॅन डिएगोहून टिहुआना करून एन्सेनाडाला गेलो, आपल्याच गाडीने. परवाना नाही, काही नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही.

लारेडोकर काका

बाकरवडी, तुम्हाला कुणी विचारलं नाही कारण तिथे विचारतच नाहीत. बाहा कॅलिफोर्निया हे अख्खं द्वीपकल्प मोकळ्या पट्ट्यात येतं. इतर बहुतेक ठिकाणी सीमेपासून साधारण २०-३० किलोमीटरपर्यंतच मोकळीक. केरेतारो टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोहून ९५० किलोमीटर आत आहे. पुलापलीकडचं नुएवो लारेडो सोडलं की २६व्या किलोमीटरला नाका लागतो, तिथे परवाना नसेल तर गाडी मागे वळवतात. त्याच्याही पुढे विनापरवाना सापडलात तर गाडी जप्त. हा रस्ता वेगळा, तो वेगळा.

ताई, आता तुमचं. मी हा प्रकार चार वेळा केलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गाडीचा तात्पुरता आयात परवाना बान्खेर्सितो देते. ही त्यांच्या लष्कराची बँक, पूल ओलांडल्यावर तिची खिडकी असते. परवान्याची फी जाते ती जाते. त्याशिवाय अनामत ठेवावी लागते: २००७ आणि त्यापुढच्या मॉडेलला ४०० डॉलर, २००१ ते २००६ला ३००, त्याआधीच्या गाडीला २००. म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्यांना ४००च. मुदतीच्या आत गाडी बाहेर काढून बान्खेर्सितोच्या खिडकीवर परवाना रद्द करून घेतला की पैसे कार्डावर परत येतात. एका माणसाला एकच गाडी.

आमचाच गाढवपणा सांगतो. २०१७ला सान लुइस पोतोसीहून परत येताना रात्र झाली, पोरं पेंगत होती, मी सरळ पुलावर गाडी घातली. म्हटलं, गाडी तर अमेरिकेत पोचली, आणखी काय हवंय? पुढच्या वर्षी त्याच खिडकीवर उभा राहिलो तर पडद्यावर जुना परवाना जिवंत! त्यांच्या लेखी माझी गाडी अजून मेक्सिकोतच. ४०० डॉलर बुडाले, आणि जुनं प्रकरण मिटेपर्यंत नवा परवाना नाही. ट्रिप रद्द, बायको आठवडाभर बोलली नाही. गाडी देशाबाहेर काढणं आणि परवाना रद्द करणं ही दोन निराळी कामं आहेत. रद्द करताना गाडी प्रत्यक्ष खिडकीशी हवी, फोटो चालत नाही.

आणि हप्त्यांच्या गाडीला कर्ज देणाऱ्याचं पत्र लागतं, की अमुक गाडी मेक्सिकोत न्यायला आमची हरकत नाही. दीड वर्षासाठी असं पत्र कोणी सुखासुखी देत नाही. माझ्या मेव्हण्याला तीस दिवसांचं मिळालं होतं, तेही सहा फोन करून. तुम्ही आधी तिथे विचारा, बाकीचं नंतर.

मॉन्टेरेची_मावशी

काकांना +१. मी ज्या व्हिसावर आले तोच तुझा आहे, म्हणून एक गोष्ट घोकून ठेव: कान्खे. म्हणजे अदलाबदल.

तुझ्या पासपोर्टवर जे चिकटलंय ते कार्ड नाही. त्यावर एकदाच आत जायचं आणि ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात कार्डासाठी अर्ज करायचा. पुलावरचा माणूस घाईत असतो, भारतीय पासपोर्ट आणि बरोबर पर्यटक नवरा बघून दोघांना सरसकट १८० दिवस लिहून मोकळा होतो. हरखून जाऊ नकोस. १८० लिहिले की तू पर्यटक झालीस, व्हिसा वाया. खिडकीवरच व्हिसाचं पान उघडून बोट ठेव आणि 'कान्खे, त्रेइन्ता दीआस' (तीस दिवस) म्हण. शिक्का वाचल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. आणि रस्त्याने जाताना तुम्हाला कोणी थांबवणार नाही, ते कार्यालय तुम्हीच शोधून आत शिरायचं.

आता गाडी. तुझ्या नावावर परवाना काढलास तर तोही ३० दिवसांचाच मिळेल, कारण तुझा मुक्काम कागदावर ३० दिवसांचाच. कार्ड आलं की त्याची प्रत जोडून सीमाशुल्कवाल्यांना लेखी कळवायचं, मग परवाना कार्डाच्या मुदतीपर्यंत वाढतो. केरेतारोत त्यांचं कार्यालय आहे, ते बरं. पण कळवायचं ते परवाना संपायच्या आत. पहिलं कार्ड वर्षाचं असतं, म्हणजे दीड वर्षात कार्डाच्या नूतनीकरणानंतर हेच परत एकदा. माझं कार्ड सव्विसाव्या दिवशी आलं. उरलेल्या चार दिवसांत मी जी धावपळ केली ती दहावीच्या परीक्षेलाही केली नव्हती.

अवांतर: कुकर-मिक्सर न्यायचे असतील तर घरसामानाची यादी वकिलातीतून मंजूर करून घेता येते. गाडी त्या यादीत येत नाही.

गोकर्णफूल

बाप रे. काका, मावशी, खूप आभार. कर्जवाल्यांना फोन केला. पत्र मिळेल, पण साठ दिवसांपुरतं, आणि त्यालाही तीन आठवडे. म्हणजे माझी गाडी बाद. 😔 कॅमरी नवऱ्याच्या नावावर आहे, ती मी माझ्या परवान्यावर नेऊ शकते का? आणि परवाना एकाचा असला तर दुसऱ्याने चालवलेली चालते ना?

लारेडोकर काका

चालवलेली चालते. त्यांच्या सीमाशुल्क कायद्यात, कलम १०६मध्ये, यादीच दिलीय: परवानाधारक, नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं. शिवाय पर्यटक किंवा तात्पुरता रहिवासी असलेला परदेशी माणूस. मेक्सिकन ड्रायव्हरच्या हाती द्यायची तर यापैकी कोणीतरी गाडीत बसलेलं हवं. कंपनी ड्रायव्हर देणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

नवऱ्याची गाडी तुमच्या नावावर न्यायला विवाह प्रमाणपत्र दाखवावं लागेल. पण मी तुमच्या जागी असतो तर उलट केलं असतं, आणि त्याचं कारण तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहून सोडून दिलंय. गाडी आत नेण्याचा सगळे विचार करतात. ती परत कोण आणणार? तुमचा शिक्का संपलाय. मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून जुन्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत आहे, पण तुम्ही दीड वर्ष राहणार. त्यानंतर नव्या शिक्क्याशिवाय तुम्ही पूल ओलांडू शकत नाही. गाडी नुएवो लारेडोत आणि मालकीण वकिलातीच्या तारखेची वाट बघतेय, असं नको. यजमानांचं ग्रीन कार्ड आहे, ते कधीही गाडीत बसून परत येऊ शकतात. कॅमरी त्यांची, परवाना त्यांचा, नाव एकच. प्रमाणपत्राचीही भानगड नाही.

सह्यकडा

ग्रीन कार्डवाल्यालाही मेक्सिकोत भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, बरोबर ना? आणि नुसत्या आय-७९७वर?

मॉन्टेरेची_मावशी

ग्रीन कार्ड चालतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तरी चालतं. नुसतं आय-७९७ चालत नाही, मग मेक्सिकोचा व्हिसा काढायचा. सासू-सासरे भारतातून येणार असतील तर त्यांनाही हाच नियम.

काकांचं पटलं, पण नवऱ्याच्या १८० दिवसांचं काय? दोन वाटा आहेत. त्याने मेक्सिकोतच पर्यटकाचा तात्पुरता रहिवासी करून घ्यायचा, तुझ्या कार्डाच्या आधारावर. त्याला विवाह प्रमाणपत्र अपोस्टिल केलेलं (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्कामोर्तब केलेलं) लागतं आणि त्याचं इथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश. तुमचं लग्न महाराष्ट्रात नोंदवलेलं असेल तर अपोस्टिल आत्ताच करायला टाक, आईबाबांना सांग. इथे बसून ते होत नाही. प्रकरण चालू असताना मात्र त्याला परवानगीशिवाय देश सोडता येत नाही, म्हणजे गाडीही तोवर अडकली. कार्ड आलं की सीमाशुल्काला कळवून परवाना वाढवायचा, तुला सांगितलं तसंच.

दुसरी वाट, त्याने पर्यटकच राहायचं आणि पाच महिन्यांनी लारेडोला येऊन जुना परवाना रद्द, नवा सुरू. ग्रीन कार्डासाठी त्याला अधूनमधून अमेरिकेत पाऊल ठेवायचंच आहे. पण पुढच्या खेपेला पूर्ण १८० दिवस मिळतीलच असं धरून चालू नकोस, अधिकाऱ्याच्या मनावर असतं. मी पहिली वाट घेतली असती.

लारेडोकर काका

मी दुसरी. पण मी निवृत्त माणूस, मला गाडी हाकायला आवडते.

सह्यकडा

पुढे कायमचं राहावंसं वाटलं तर?

लारेडोकर काका

'रेसिदेन्ते पेर्मानेन्ते' झालात की तात्पुरता परवाना मिळतच नाही, असलेलाही निकामी होतो. गाडी बाहेर न्यायची किंवा सीमाशुल्क दलाल गाठून रीतसर मेक्सिकन करायची. त्यासाठी काचेखालचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) बघायचा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. त्यांचं त्यातल्या त्यात सोपं. 'जे' अक्षर असेल तर जपानची, मग खर्चाचं गणित बिघडतं. नियम न पाळता आणलेल्या अमेरिकन गाड्यांना तिथे 'चॉकलेट' म्हणतात. 🙂

गोकर्णफूल

आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. ४टी१ ने सुरू होतो, म्हणजे आमचं खोकवालं ध्यान अमेरिकेतलंच.

ठरलं असं: कॅमरी, नवऱ्याच्या नावावर, आणि त्याला पुढे मावशींच्या पहिल्या वाटेने न्यायचं. साताऱ्याला आईला फोन केला, ती प्रमाणपत्राची फाईल शोधतेय. आणि नवरा 'त्रेइन्ता दीआस' पाठ करतोय, त्याला गरज नसताना. एक शेवटचं, इथला विमा तिकडे चालेल का?

मॉन्टेरेची_मावशी

नाही. अमेरिकेची पॉलिसी तिकडे धरत नाहीत. मेक्सिकन कंपनीची वर्षाची घे, वकिलाच्या मदतीसकट. अपघात झाला तर भरपाईचं ठरेपर्यंत ड्रायव्हरला बसवून ठेवू शकतात.

लारेडोकर काका

आणि डिसेंबरात निघू नका. नाताळला गावी जाणारे त्यांचे लोक पिकअपवर फ्रिज, गाद्या, सायकली बांधून निघतात, बान्खेर्सितोची रांग रस्त्यावर येते. जायचंच असेल तर लारेडोच्या पुलाऐवजी पश्चिमेचा कोलंबिया पूल धरा. पहाटे पोचा, अंधार पडायच्या आत मॉन्टेरे गाठा. तिथे मावशी आहेतच.

मॉन्टेरेची_मावशी

आहेच. येताना चितळ्यांची बाकरवडी आण. धाग्यावरची नको.