शब्दचर्चा: फोन ‘सुरू’ होतो, ‘चालू’ असतो की ‘उठतो’? अँड्रॉइडच्या इनिटसाठी मराठी शब्द

शब्दखूण:

नमस्कार मंडळी. कंपन्यांनी अपडेट देणं बंद केलेल्या जुन्या फोनांवर नवं अँड्रॉइड बसवणाऱ्या एका स्वयंसेवी गटासाठी मी मराठीत मार्गदर्शिका लिहिते आहे. ॲपचा भाग लिहून झाला, तिथे शब्दांची फारशी अडचण आली नाही. गाडी अडली आहे ती फोन सुरू होण्याच्या प्रकरणावर, म्हणजे इनिट नावाचा प्रोग्राम आणि त्याच्या आरसी फायली (काय केव्हा सुरू करायचं ते सांगणाऱ्या सूचनांच्या फायली) कशा सांभाळायच्या, यावर. वाचणारे बहुतेक डिप्लोमाचे विद्यार्थी आहेत, मराठी माध्यमातून आलेले. बूट, सर्व्हिस, क्रिटिकल, डिसेबल्ड हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, पण इनिटच्या फायलीत त्यांचा अर्थ नेमका काय होतो हे विचारलं की गडबड होते. मला शुद्ध मराठीचा हट्ट नाही. जिथे मराठी शब्दाने अर्थ जास्त स्वच्छ होतो तिथे तो हवा आहे, बाकी ठिकाणी इंग्रजीच राहू दे.

पहिला प्रश्न ‘बूट होणे’ याचाच. आणि ‘मेंटेन करणे’ याला ‘देखभाल’ चालेल का?

रात्रपाळी:

मी या भागावरच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. बटण दाबल्यापासून होम स्क्रीन येईपर्यंतच्या सगळ्या प्रकाराला आपण सरसकट ‘बूट’ म्हणतो. सांभाळणाऱ्यासाठी मात्र ती अनेकांच्या हातून जाणारी कामं आहेत. चिपमध्येच कोरलेला कोड आधी चालतो. तो बूटलोडरला (सिस्टिम मेमरीत आणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) आणतो, बूटलोडर कर्नलला (हार्डवेअर हाताळणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्याला) आणतो आणि कर्नल इनिटला सुरू करतो. इनिट ही पहिली प्रक्रिया, तिचा क्रमांक १. इनिट फाइल सिस्टिम जोडतो, एसईलिनक्सचे (कोणत्या प्रक्रियेला काय करता येईल ते ठरवणारे) नियम लावतो, आरसी फायली वाचतो आणि त्यात लिहिलेल्या सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, क्रमाने सुरू करतो. त्यातलीच एक झायगोट, जिच्यातून सगळी ॲप निघतात. झायगोटमधून अँड्रॉइडच्या मुख्य सेवा चालवणारा सिस्टिम सर्व्हर निघतो आणि तो तयार झाला की मग होम स्क्रीन. शेवटी ‘सिस.बूट_कम्प्लीटेड’ या प्रॉपर्टीत (नाव आणि मूल्य अशी जोडी ठेवायच्या जागेत) १ लिहिला जातो. आमच्या लेखी बूट पूर्ण झालं ते तेव्हा.

आता शब्दाचं. ऑफिसात आम्ही ‘डिव्हाइस बूट झालं का’ असं विचारतो, पण एकेका सर्व्हिसबद्दल बोलताना ‘उठली का’, ‘वर आली का’ असं म्हणतो. ‘कॅमेऱ्याची सर्व्हिस उठतच नाहीये, उठली की लगेच मरते.’ हे बोली आहे म्हणून मार्गदर्शिकेत टाळू नका. ‘उठणे’ यात स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा अर्थ आहे आणि तो तुम्हाला हवाच आहे.

मुळाक्षर:

‘बूट’ तसाच ठेवावा, या मताचा मी आहे. इंग्रजीत तो ‘बूटस्ट्रॅप’चं लघुरूप म्हणून आला. बूट पायात ओढून घेण्यासाठी मागे शिवलेला पट्टा म्हणजे बूटस्ट्रॅप, आणि स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणं असा तिकडचा वाक्प्रचार. १९५० च्या दशकात तो संगणकात रुळला, कारण प्रोग्राम आणण्यासाठी आधी एक छोटा प्रोग्राम लागतो आणि तो आणायला आणखी छोटा. मराठीत ‘फोन बूट होत नाही’ म्हणताना पादत्राण कुणाच्या मनातही येत नाही, इतका तो रुळलाय. ‘प्रारंभन’ वगैरे घडवून काही हाती लागणार नाही.

पण शब्दखूण, तुमच्या शीर्षकात जो फरक आलाय तो मराठीची खरी कमाई आहे. ‘सुरू’ म्हणजे आरंभ, ‘चालू’ म्हणजे आरंभ होऊन गेल्यावरची स्थिती. ‘नाटक सुरू झालं’ आणि ‘नाटक चालू आहे’. बोलताना आपण ‘फोन चालू कर’ म्हणतो, तिथे दोन्ही मिसळतात. विदर्भात तर ‘फोन चालू नाही होऊन राहिला’ असंच ऐकू येतं, आणि त्यात काही चूक नाही. मार्गदर्शिकेत मात्र क्रियेला ‘सुरू करणे’ आणि स्थितीला ‘चालू असणे’ असं कटाक्षाने लिहा.

रात्रपाळी:

@मुळाक्षर, हे अगदी नेमकं बसतं, कारण इनिट स्वतः या स्थितींची नोंद ठेवतो. प्रत्येक सर्व्हिससाठी ‘इनिट.एसव्हीसी.’ आणि पुढे तिचं नाव अशी प्रॉपर्टी असते. तिचं मूल्य रनिंग, स्टॉप्ड, स्टॉपिंग किंवा रीस्टार्टिंग असं दिसतं. चालू, थांबलेली, थांबते आहे, पुन्हा सुरू होते आहे. नवा मुलगा नेहमी इथे फसतो: तो ‘रीस्टार्टिंग’ वाचतो आणि सर्व्हिस चालू आहे असं समजतो. खरं तर ती मेलेली असते आणि इनिट तिला परत सुरू करायला वेळ यायची वाट बघत असतो. काही वेगळं सांगितलं नसेल तर आधी ती जेव्हा सुरू झाली होती तिथपासून ५ सेकंद मोजले जातात. ‘पुन्हा सुरू होते आहे’ असं मराठीत लिहिलं तर ती अजून ‘चालू’ नाही हे वाक्यातच येतं.

काउंटरवरून:

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक ‘बूट’ म्हणत नाही. ‘लोगोवर अडकलाय’, ‘आपोआप बंद-चालू होतोय’, ‘डेड झालाय’ असंच सांगतं, आणि आम्ही म्हणतो ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’. मला विचाराल तर ‘अडकलाय’ हा फार कामाचा शब्द आहे, फक्त कुठे अडकलाय ते विचारायला हवं. कंपनीचं नुसतं नाव येऊन स्थिर राहतं की हलणारं चित्र फिरत राहतं? दोन्हीला लोक ‘लोगो’च म्हणतात. आम्ही दुकानात ‘नावावर अडकलाय’ आणि ‘ॲनिमेशनवर अडकलाय’ असे दोन शब्द वेगळे केलेत, त्याने कामाचा वेळ वाचतो.

रात्रपाळी:

@काउंटरवरून, तुमचे हे दोन शब्द मार्गदर्शिकेत जसेच्या तसे यायला हवेत. स्थिर चित्र बूटलोडर दाखवतो. ते गेलंच नाही तर बिघाड बूटलोडर, कर्नल किंवा इनिटच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे विभाजनं (स्टोरेजचे वेगळे केलेले भाग) जोडली जाण्याच्या आसपास शोधायचा. हलणारं चित्र ही वेगळीच सर्व्हिस आहे, बूटॲनिम नावाची, आणि पडद्याचं काम बघणारा सर्फेसफ्लिंगर उठला तरच ती चालते. म्हणजे ॲनिमेशन दिसतंय याचा अर्थ कर्नल उठलाय, इनिट उठलाय, आरसी फायली वाचून झाल्यात. अडकलंय ते झायगोट किंवा सिस्टिम सर्व्हरपाशी, किंवा ते ज्याची वाट बघतायत अशा एखाद्या सर्व्हिसपाशी.

‘आपोआप बंद-चालू होतोय’ यातही दोन प्रकार आहेत. एकात फोन खरोखर पहिल्यापासून सुरू होतो. दुसऱ्यात कर्नल चालूच राहतो, फक्त सिस्टिम सर्व्हर मरतो. त्याच्याबरोबर झायगोटही स्वतःला संपवतो आणि इनिट झायगोटला पुन्हा सुरू करतो. तेव्हा कंपनीचं नाव न येता थेट ॲनिमेशन दिसतं. खात्री करायची तर ‘/प्रॉक/अपटाइम’ बघा: खऱ्या रीबूटनंतर तो आकडा शून्यापासून मोजायला लागतो, दुसऱ्या प्रकारात वाढतच गेलेला असतो. पहिल्याला ‘रीबूट’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘वरची सिस्टिम पुन्हा सुरू होणे’. वाक्य लांब झालं तरी चालेल, पण दोघांना एक शब्द देऊ नका.

शब्दखूण:

हे सगळं टिपून घेतलं. आता आरसी फायलीतले शब्द. ‘क्रिटिकल’ला कुणी ‘गंभीर’ म्हणतं, कुणी ‘निर्णायक’. ‘वनशॉट’, ‘डिसेबल्ड’ यांना काय म्हणू?

मुळाक्षर:

‘गंभीर सर्व्हिस’ म्हटलं तर ती आजारी वाटेल. ‘निर्णायक’ सामन्याला शोभतो. आपल्याकडे ‘अत्यावश्यक सेवा’ हा शब्द घराघरात आहे: जी बंद पडली तर गाव ठप्प होतं ती. इथे तोच अर्थ आहे ना?

रात्रपाळी:

तोच. ज्या सर्व्हिसला क्रिटिकल लिहिलंय ती ४ मिनिटांत चारपेक्षा जास्त वेळा मेली, किंवा बूट पूर्ण होण्याआधीच तिचं असं झालं, तर इनिट प्रयत्न सोडून फोन थेट बूटलोडरमध्ये नेतो. ही मर्यादा आता आरसी फाइलमध्ये बदलता येते, पण न बदलल्यास ४ मिनिटंच. म्हणून आपली नवी सर्व्हिस ‘महत्त्वाची’ आहे एवढ्यावर तिला क्रिटिकल लिहायचं नसतं. बोटांच्या ठशांची सर्व्हिस महत्त्वाची आहे, पण तिच्यावाचून फोन चालतो. ‘अत्यावश्यक’ म्हटलं की हा प्रश्न लिहिणाऱ्याला आपोआप पडेल: हिच्यावाचून खरंच चालणार नाही का?

वनशॉटला ‘एकदाच’ पुरे. सर्व्हिस काम करून संपली की इनिट तिला परत उठवत नाही, एवढाच अर्थ.

डिसेबल्डवर मात्र थांबूया, कारण इथे मराठी भाषांतराने नुकसान झालेलं मी पाहिलंय. एका गटाच्या टिपणात ‘डिसेबल्ड: अक्षम केलेली सर्व्हिस’ असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याने ती मेलेली, टाकून दिलेली सर्व्हिस समजून आरसी फाइलमधून काढून टाकली आणि फोनचं चार्जिंग-मोडमधलं चित्र दिसेनासं झालं. इनिटच्या भाषेत डिसेबल्ड म्हणजे बंद केलेली नव्हे. सर्व्हिसचे वर्ग असतात, कोअर, मेन, लेट_स्टार्ट असे, आणि इनिट पूर्ण वर्गच एकदम सुरू करतो. डिसेबल्ड लिहिलेली सर्व्हिस वर्गाबरोबर उठत नाही, तिला नावानं सुरू करावं लागतं. ड्युटीच्या यादीत नाव नाही, पण फोन आला की हजर होणाऱ्या डॉक्टरसारखी.

मुळाक्षर:

मग ‘बोलावल्यावर’ एवढंच लिहा. ‘अक्षम’ हा शब्द तसाही इथे मोडीत काढायला हवा. मराठीत तो ‘जमत नाही असा’ या अर्थाने आधीपासून आहे.

शब्दखूण:

‘एकदाच’ आणि ‘बोलावल्यावर’. पक्कं. प्रॉपर्टीला ‘गुणधर्म’ लिहिलं होतं.

तळटीप:

‘गुणधर्म’ वाचून रसायनशास्त्र आठवतं आणि ‘मालमत्ता’ वाचून घरपट्टी. माझं मत ‘नोंद’. सिस्टिमभर कुणालाही वाचता यावी अशी नाव-मूल्याची नोंद. ‘आरओ.’ने सुरू होणाऱ्या प्रॉपर्टी एकदा लिहिल्या की तो फोन पुन्हा बूट होईपर्यंत बदलत नाहीत; त्याला ‘कायम नोंद’ म्हणा. आरसी फाइलमध्ये एखादी गोष्ट केव्हा करायची ते सांगणाऱ्या ‘ऑन’साठी तर मराठीत सुंदर सोय आहे, ‘की’. ‘बूट पूर्ण झालं की अमुक कर.’ ट्रिगर (‘ऑन’पुढे लिहिलेली घटना) हा शब्द ठेवून खाली स्पष्टीकरणात ‘झालं की’ वापरलंत तर विद्यार्थी पूर्ण आरसी फाइल मराठीत मोठ्याने वाचू शकेल.

रात्रपाळी:

एक दुरुस्ती. सगळ्या नोंदी ‘कुणालाही’ वाचता येत नाहीत. वाचायचं आणि लिहायचं, दोन्ही एसईलिनक्सच्या नियमांवर असतं. बाकी ‘नोंद’ आवडला.

प्रयोगवही:

मी शाळेत विज्ञान शिकवते, झायगोटबद्दल वाचून आले. पाठ्यपुस्तकात त्याला ‘युग्मनज’ म्हणतात. युग्मन म्हणजे जोडी जुळणं, त्यातून जन्मलेला. अंडपेशी आणि शुक्रपेशी एकत्र येऊन होतो तो. तुमच्या झायगोटमध्ये कोणत्या दोन गोष्टी एकत्र येतात?

रात्रपाळी:

कोणत्याच नाही. नाव घेतलंय ते पुढच्या भागावरून, एकाच्या अनेक पेशी होण्यावरून. झायगोट सुरुवातीलाच जावाचे नेहमी लागणारे क्लास आणि संसाधनं मेमरीत भरून ठेवतो. मग तुम्ही ॲप उघडलं की तो स्वतःची प्रत काढतो आणि ती प्रत म्हणजे तुमचं ॲप. भरून ठेवलेली मेमरी सगळ्या प्रती मिळून वापरतात; जिथे कुणी काही बदलतं तेवढं पान वेगळं होतं. त्यामुळे ॲप लवकर उघडतं आणि मेमरीही वाचते.

प्रयोगवही:

मग ‘युग्मनज’ नको. त्या शब्दात जोडीच मुख्य आहे आणि इथे जोडी नाहीच. ‘झायगोट’ असंच लिहा आणि कंसाबाहेर एक वाक्य द्या: पेशीविभाजनाच्या कल्पनेवरून हे नाव दिलं आहे. माझे विद्यार्थी उद्या तुमच्याकडे आले तर त्यांचा गोंधळ व्हायला नको.

शब्दखूण:

शेवटी ‘मेंटेन’ राहिलं.

मुळाक्षर:

‘देखभाल’ इमारतीची, रुग्णाची. ‘देखभाल व दुरुस्ती’ म्हटलं की निविदा डोळ्यांपुढे येते. ‘निगा’ झाडांची, दातांची. कोडबद्दल माणसं बोलताना काय म्हणतात?

रात्रपाळी:

‘हा मॉड्यूल कोण सांभाळतं?’ असंच म्हणतात. आणि कामही तसंच आहे. इनिटमध्ये रोज नवीन काही लिहायचं नसतं. कर्नल बदलला, हार्डवेअर कंपनीच्या फायली बदलल्या, एखादी सर्व्हिस नव्या वर्गात गेली की क्रम बिघडतो, तो बिघडू न देणं हे काम. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ट्रेबल नावाच्या फेररचनेमुळे सिस्टिमचा भाग आणि व्हेंडरचा (हार्डवेअर कंपनीचा) भाग वेगळे झाले, आरसी फायलीही आपापल्या विभाजनात राहतात. त्यामुळे एका बाजूने बदल करताना दुसरी बाजू आपल्यावर काय धरून चालली आहे हे लक्षात ठेवावं लागतं. बूट हळू झालं तर ‘/डेटा/बूटचार्ट/एनेबल्ड’ ही रिकामी फाइल बनवून फोन परत सुरू करायचा. कुठली प्रक्रिया केव्हा उठली आणि किती वेळ खाल्ला याचा आलेख काढता येतो. एक अपडेट चुकलं तर हजारो लोकांचे फोन एका रात्रीत नावावर अडकतात. म्हणून ‘सांभाळणे’.

शब्दखूण:

‘सांभाळणे’ घेते, आणि मेंटेनरला ‘सांभाळणारी व्यक्ती’. एकच शंका उरली: ‘ओव्हरराइड’. ‘वरचढ’ म्हणू का?

रात्रपाळी:

नको, ‘जागा घेणारी’ म्हणा. एकाच नावाची सर्व्हिस दोन फायलींत असेल तर नंतर वाचलेली व्याख्या इनिट सोडून देतो आणि लॉगमध्ये चूक नोंदवतो. दुसरीवर ओव्हरराइड लिहिलं असेल तरच ती पहिलीची जागा घेते. ओडीएमच्या (फोनचं डिझाइन करून तो बनवणाऱ्या कंपनीच्या) फायलींनी व्हेंडरची व्याख्या बदलावी, यासाठी ही सोय प्रामुख्याने आहे. आणि त्याच परिच्छेदात हेही घाला की फायली कोणत्या क्रमाने वाचल्या जातात ते आधी बघायचं, कारण ओव्हरराइड लिहिलेल्या दोन असतील तर शेवटी वाचलेली राहते.