हिटलरने सत्ता बळकावली, की त्याला ती देण्यात आली?

नौपाडावासी
काल लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होते. वहीत वाक्य होतं, 'हिटलरने सत्ता बळकावली.' तिने विचारलं, "आई, कोणाकडून?" मी अडखळले. रात्री बसून तारखा लावल्या, तर बळकावणं कुठे दिसेचना.

३० जानेवारी १९३३ ला अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी त्याला रीतसर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख नेमलं. मंत्रिमंडळात त्याच्यासकट नाझी तिघेच. माजी चॅन्सेलर फॉन पापेनसारख्या खानदानी मंडळींना वाटत होतं, याला आपण मुठीत ठेवू. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी हिंडेनबर्ग यांच्याच सहीने भाषण, सभा, वृत्तपत्रं सगळ्यांचं स्वातंत्र्य गेलं. ५ मार्चच्या निवडणुकीत ४३.९ टक्के मतं, म्हणजे तेव्हाही एकट्याचं बहुमत नाही. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला, ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट खासदार कोठडीत किंवा भूमिगत होते, सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते, हे खरंच. पण सेंटर या कॅथलिकांच्या पक्षाने आश्वासनांवर विसंबून दिलेला होकार मला जास्त टोचतो. हुकूमशहा प्रतिष्ठितांच्या सह्यांनी मोठा होतो, असं माझं ठाम मत आहे.

घणसोलीकर
ताई, अजिबात पटलं नाही. १९२८ मध्ये याच पक्षाला २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधल्या काळात बेकार साठ लाखांच्या घरात गेले. ही मतं पापेनने दिली नाहीत.

वडिलांची ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. आई रोज डबा भरायची. वडील तो घेऊन कंपनीच्या बंद गेटसमोर जाऊन बसायचे आणि पाचला घरी यायचे. त्या दिवसांत 'मी गेट उघडतो' म्हणणाऱ्या कोणालाही आमच्या घरातली सगळी मतं पडली असती. तो पुढे कोणाला तुरुंगात टाकेल, हे आम्ही विचारलंही नसतं. भुकेला वगळून हुकूमशाही समजत नाही.

नौपाडावासी
दादा, तो डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. तरी नोव्हेंबर १९३२ बघा. मतं ३३.१ टक्क्यांवर आली, ३४ जागा गेल्या. भुकेलेले लोक पाठ फिरवू लागले होते आणि नेमकं तेव्हाच वरच्यांनी दार उघडलं.

वाशीचा प्रवासी
स्टालिनला ना मतं लागली, ना कुठल्या अध्यक्षाची कृपा. १९२२ मध्ये तो रशियातल्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. इतरांना ते कारकुनी काम वाटलं. कोणाची नेमणूक कुठे करायची हे त्याच्या हाती गेलं आणि लेनिनने त्याला पदावरून हटवा असं लिहूनही तो हलला नाही. दोघांचेही सिद्धांत इथे अपुरे पडतात.

कोपरीचे काका
मी ७६ वर्षांचा आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा नोकरीत होतो. लोकल वेळेवर यायची, ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे दहाच्या ठोक्याला हजर. मला ते आवडलं होतं. आमच्या चाळीतल्या एका मास्तरांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली रात्री नेलं, नाशिकला तुरुंगात ठेवलं. त्यांच्या पत्नीने भेटीला सोबत येता का, असं दारोदार विचारलं. माझ्याही दारात आल्या. मी रजा मिळत नाही म्हणालो. रजा शिल्लक होती. घणसोलीकर, तेव्हा मला भूक नव्हती. ताई, माझी सही कुठेच नव्हती.

घणसोलीकर
काका, तरी मार्च १९७७ ला ती राजवट मतदारांनीच उलटवली ना? सामान्य माणसावर एवढा अविश्वास नको.

नौपाडावासी
उलटवता आली कारण निवडणूक झाली. जर्मनीत १४ जुलै १९३३ च्या कायद्याने नाझींशिवाय दुसरा पक्षच ठेवला नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. काका, तुमचं लिहिणं वाचून माझं 'प्रतिष्ठितांच्या सह्यांनी' मला तोकडं वाटतंय. सह्या करणाऱ्यांना खालून कोणी अडवत नाही, तेही त्यात धरायला हवं.

घणसोलीकर
काका, मास्तरांच्या पत्नीबरोबर शेवटी नाशिकला कोण गेलं?

कोपरीचे काका
त्यांचा मुलगा. नववीत होता.