आकडा फुगतोय तो भोकांमुळे

दादा, चाळीस वर्षं जपलेल्या मॉडेल रॉकेटला नवी नळी जोडून अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) बसवलात, वाचून फार आनंद झाला. डोळ्यांना 150 मीटर वाटलं, पण आलेखात सुरुवातीलाच 200चं टोक आलं, असं म्हणता. मला संशय यंत्राच्या कप्प्यात बाहेरची हवा यावी म्हणून नळीला पाडलेल्या भोकांचा आहे. यंत्र मोजतं तो हवेचा दाब. समुद्रसपाटीजवळ दर साडेआठ मीटरला साधारण 1 मिलिबार घट. भोकं नाकाच्या सांध्याला चिकटून असली की तिथून सुसाटणारी हवा दाब खाली ओढते आणि आकडा फुगतो. वेग ओसरला की टोकही जातं. भोकं सांध्यापासून शक्य तितकी मागे घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा. यंत्राच्या कप्प्याखालचा पडदा हवाबंद हवा, नाहीतर पॅराशूट फेकणारा वायू आत शिरतो.

उडवण्याआधी मी यंत्र लिफ्टमधून फिरवतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर 0, विसाव्यावर 58 मीटर. जिन्यात टेपने मोजलेलं जवळपास तेवढंच.

वजन वाढलंय, तेव्हा सी6-5 मोटरऐवजी सी6-3 बघा; शेवटचा आकडा म्हणजे जोर संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. पाच सेकंदांत रॉकेट नाक खाली करून वेग घेईल. आणि नाक नळीला बांधून ठेवणारं आतलं रबर बदलाच! माझ्या जुन्या रॉकेटमधलं चिमटीत धरून जरा ताणलं, तर खारी बिस्किटासारखा चुरा झाला.

पुढची चाचणी ठाण्यातल्या मैदानात नको, वरून विमानं जातात. रीतसर परवानगी काढून मुरबाडकडचं मोकळं रान बघू. मी येतो.