जर्मनीत सहाध्यायांशी ओळख आहे, मैत्री मात्र होत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा असून गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील आखेन येथे यंत्र अभियांत्रिकीत एम.एस्सी. करीत आहे. एकटेपणाची तक्रार नाही. वसतिगृहात सहा-सात मराठी मुले आहेत आणि शनिवारची खिचडी आम्ही एकत्रच करतो. अडचण अशी की, वर्षभर ज्यांच्या शेजारी बसून व्याख्याने ऐकली, त्या जर्मन सहाध्यायांपैकी एकाशीही मनातले बोलावे इतकी जवळीक झालेली नाही.

एक प्रसंग सांगतो. जानेवारीत माझा वाढदिवस होता. प्रकल्पातील चौघांनाही तो ठाऊक होता, तरी कोणी विषय काढला नाही, हे मला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातील एकाचा वाढदिवस आला, तेव्हा तो स्वतःच घरी केलेला सफरचंदाचा केक ट्रेसकट घेऊन आला आणि सर्वांना तुकडे कापून देताना मला म्हणाला, "तू काही आणले नाहीस, म्हणून आम्हाला वाटले तुला साजरा करायचा नसेल." इकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, हे मला तेव्हा कळले. त्याच दुपारी आम्ही प्रथमच अभ्यासाबाहेरचे दोन तास बोललो. पण प्रकल्पाचा अहवाल सादर झाल्यापासून आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट मुका आहे.

माझे जर्मन बी१, म्हणजे मध्यम, पातळीचे आहे. भोजनगृहात, म्हणजे मेन्सात, ते माझ्यासाठी इंग्रजीत बोलू लागले की गप्पांतली मजा जाते, आणि जर्मनमध्ये बोलले की विनोद मला एक वाक्य उशिरा कळतो. बरेच जण शुक्रवारी दुपारी गाडीने गावी, शाळेपासूनच्या मित्रांकडे जातात. 'फ्रॉइंड', म्हणजे मित्र, हा शब्दही ते मोजक्याच माणसांसाठी राखून ठेवतात. आपण ज्याला सहज मित्र म्हणू, तो त्यांच्या लेखी बहुधा 'बेकांटर', म्हणजे ओळखीचा असतो. यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही.

जर्मनीत शिकलेल्यांना माझे विचारणे असे : घरी जेवायला बोलावायचे तर किती दिवस आधी सांगावे, आणि एकदा नकार आला तर पुन्हा विचारणे त्यांना चिकटपणाचे वाटते का? विद्यापीठाच्या क्रीडावर्गांत नाव घालून कोणाची मैत्री वर्गाबाहेर टिकली आहे का? आपली मैत्री झाली असल्यास ती नेमकी कोणत्या निमित्ताने पुढे सरकली, हे कृपया तपशिलाने लिहावे. "वेळ द्या" हा सल्ला अनेकांनी दिला आहे. परंतु वर्ग फेब्रुवारीत संपतील आणि त्यानंतर प्रबंधासाठी प्रत्येक जण आपापल्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत पांगेल.